ट्यूब टाकली, पुढे काय? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गुंगी देण्याचा बरोबर क्रम

रात्री कीटकनाशक प्यायलेला रुग्ण कॅज्युअल्टीत येतो. श्वासनलिकेत ट्यूब पडते, व्हेंटिलेटर लागतो, रुग्ण हात झाडायला लागतो. कोणीतरी सांगतं, ‘‘सिस्टर, मिडाझ सोडा, व्हेक द्या.’’ मिडाझ म्हणजे गुंगीचं मिडाझोलाम, व्हेक म्हणजे व्हेक्युरोनियम, स्नायू लुळे करणारं रिलॅक्सन्ट. दहा मिनिटांत सगळं शांत होतं. दर तासाला तेच पुन्हा दिलं जातं, कारण कागदावर ‘एसओएस’ (गरज पडेल तेव्हा) लिहिलेलं असतं. सकाळी राउंडला डॉक्टर नाव घेऊन हाक मारतात तर पापणीही हलत नाही. आता हे विषामुळे, गुंगीमुळे, रिलॅक्सन्टमुळे की मेंदूला इजा झाल्यामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही.

चुका दोन प्रकारच्या होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली म्हणजे गरजेपेक्षा खोल गुंगी. दुसरी त्याहून वाईट: स्नायू लुळे करणारं औषध चालू आणि गुंगी नाहीच, म्हणजे माणूस पूर्ण जागा, सगळं ऐकतोय, दुखतंय, पण बोटही हलवता येत नाही. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून पाहिलं तर दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. म्हणून ‘शांत आहे’ ही नोंद निरुपयोगी आहे. त्याऐवजी तीन वेगळे प्रश्न विचारायचे: दुखतंय का? जागा किती आहे? लुळा आहे का? पुढचा सगळा क्रम या तीन प्रश्नांवर उभा आहे.

पहिल्या काही तासांवर एवढा भर का, तेही सांगतो. अमेरिकेतल्या १५ आपत्कालीन विभागांमधल्या ३२४ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्याहून जास्त रुग्ण खोल गुंगीत होते, आणि अशा रुग्णांत पुढे भ्रम आणि बेशुद्धी जास्त दिसली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २५ आयसीयूंच्या २०१२ च्या अभ्यासात पहिल्या ४८ तासांतल्या खोल गुंगीचा संबंध ट्यूब उशिरा निघण्याशी आणि मृत्यूशी आढळला. हे निरीक्षणावरचे अभ्यास आहेत. जास्त आजारी रुग्ण जास्त गुंगीत असू शकतो, तेव्हा सगळा दोष औषधाचा, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण कॅज्युअल्टीत लावलेला पंप आयसीयूतही बहुधा त्याच वेगाने चालू राहतो. सुरुवात हलकी ठेवली तर पुढचं सगळं सोपं जातं.

हा लेख प्रौढ रुग्णांसाठी आहे आणि ट्यूब-व्हेंटिलेटर हाताळणाऱ्या डॉक्टर-सिस्टर-ब्रदरांसाठी आहे. उदाहरणांतले आकडे ६० किलो वजनाचे. म्हातारा, हडकुळा किंवा शॉकमधला रुग्ण असेल तर निम्म्यापासून सुरुवात करा. तुमच्या युनिटची लेखी पद्धत असेल तर आधी ती पाहा.

टप्पा १ : ट्यूब टाकण्याआधीच गुंगीची तयारी

लॅरिंगोस्कोप तपासला, सक्शन चालू केलं, इंडक्शनचं (ट्यूबआधी झोपवणारं) औषध भरलं, इथपर्यंत सगळे करतात. ट्यूबनंतरचं औषध मात्र ट्यूब पडल्यावर शोधायला निघतात. वेदनाशामक फेंटॅनिल कुलुपात, चावी इन्चार्ज सिस्टरकडे, रजिस्टर भरायचं, मग अँप्युल. यात वीस मिनिटं सहज जातात. म्हणून फेंटॅनिल आधीच काढून, भरून, लेबल लावून ट्रेमध्ये ठेवा.

ट्यूबआधी चार गोष्टी कागदावर उतरवा: अंदाजे वजन, जीसीएस (शुद्धीचा स्कोर) तीन भागांत (डोळे, बोलणं, हालचाल) वेगवेगळा, दोन्ही बाहुल्यांचा आकार व प्रतिसाद, आणि चारही हातापायांची हालचाल. डोक्याला मार लागलेला रुग्ण पुढे पाठवल्यावर न्यूरोसर्जन हेच पहिलं विचारतात, आणि एकदा औषध गेलं की ते उत्तर परत मिळत नाही.

सिरिंज अशा भरा:

- फेंटॅनिल: ५०० मायक्रोग्रॅम (१० मिली) + सलाईन ४० मिली = ५० मिली. १ मिलीत १० मायक्रोग्रॅम.
- मिडाझोलाम: ५० मिग्रॅ, एकूण ५० मिली. १ मिलीत १ मिग्रॅ. अँप्युल १ मिग्रॅ प्रति मिलीचं आहे की ५ मिग्रॅ प्रति मिलीचं, हे काचेवर वाचा. दोन्ही बाजारात आहेत आणि फरक पाचपट आहे.
- प्रोपोफॉल १ टक्का: पातळ न करता. १ मिलीत १० मिग्रॅ.
- केटामिन: २०० मिग्रॅ, एकूण ५० मिली. १ मिलीत ४ मिग्रॅ.
- डेक्समेडेटोमिडिन: २०० मायक्रोग्रॅम, एकूण ५० मिली. १ मिलीत ४ मायक्रोग्रॅम.

चिकटपट्टीवर औषधाचं नाव, एकूण मात्रा, १ मिलीत किती, भरल्याची वेळ आणि सही. नुसतं ‘मिडाझ’ लिहिलेली सिरिंज पुढच्या पाळीला कामाची नाही.

सावधान : फेंटॅनिल आणि मिडाझोलाम एकाच सिरिंजमध्ये मिसळण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. पंप एकच लागतो म्हणून ती सोयीची वाटते. पण मग दुखणं वाढलं तर गुंगीही वाढवावी लागते, आणि गुंगी उतरवायची तर वेदनाशामकही बंद होतं. दोन औषधं, दोन सिरिंज. पंप एकच असेल तर फेंटॅनिल पंपावर ठेवा आणि मिडाझोलाम गरजेनुसार १-१ मिग्रॅ द्या.

टप्पा २ : ट्यूबनंतरची पहिली दहा मिनिटं

आधी ट्यूब जागेवर असल्याची खात्री: कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) असेल तर त्याची लाट, दोन्ही बाजूंना हवा, दाताशी खूण (बाईला साधारण २१ सेंमी, पुरुषाला २३), ट्यूब नीट बांधलेली, ट्यूबच्या कफचा (टोकाजवळच्या फुग्याचा) दाब २० ते ३० सेंमी पाणी.

मग लगेच, रुग्ण हलायची वाट न पाहता, पहिला डोस. रक्तदाब बरा असेल तर फेंटॅनिल ५० मायक्रोग्रॅम हळू. पाच मिनिटं थांबा. कमी पडलं तर पुन्हा ५०.

पंप लावताना एक साधी गोष्ट विसरली जाते. एक्स्टेन्शन लाइनमध्ये एक-दीड मिली औषध मावतं. लाइन आधी भरून घेतली नाही आणि पंप ३ मिली प्रति तासावर लावला, तर औषधाचा पहिला थेंब शिरेत पोहोचायलाच अर्धा तास जातो. या अर्ध्या तासात रुग्ण झटापट करतो, कोणीतरी वेग तिप्पट करतं, आणि तासाभराने रुग्ण गाढ बुडालेला असतो. लाइन प्राइम करा, जोडणी शिरेच्या शक्य तितक्या जवळच्या थ्री-वेवर करा, आणि सुरुवातीचा परिणाम बोलसने (एका वेळी दिलेल्या डोसने) मिळवा, पंपाने नव्हे.

टप्पा ३ : रिलॅक्सन्टचं घड्याळ

हे घड्याळ कोणी लावत नाही. एटोमिडेट ०.३ मिग्रॅ प्रति किलो दिलं तर त्याची झोप पाच-दहा मिनिटांत उतरते. प्रोपोफॉलचंही तसंच. केटामिन दहा-वीस मिनिटं टिकतं. रोक्युरोनियम १.२ मिग्रॅ प्रति किलो दिलं तर स्नायू तासभर किंवा त्याहून जास्त लुळे राहतात, व्हेक्युरोनियम ०.१ मिग्रॅ प्रति किलोला पाऊण तास धरा. आता वजाबाकी करा. एटोमिडेट आणि रोक्युरोनियम दिलेला रुग्ण दहाव्या मिनिटाला जागा होऊ शकतो आणि साठाव्या मिनिटापर्यंत हलू शकत नाही. मधली पन्नास मिनिटं त्याच्या घशात नळी आहे, हाड मोडलेलं आहे, आणि आजूबाजूचे लोक त्याच्याबद्दल तो ऐकत नसल्यासारखं बोलताहेत.

हा कल्पनेचा भाग नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, व्हेंटिलेटरवरून निघालेल्या ३८३ रुग्णांपैकी २.६ टक्क्यांना लुळेपणातलं जागेपण आठवत होतं, आणि रोक्युरोनियम मिळालेल्यांत ते जास्त होतं.

म्हणून रिलॅक्सन्ट दिल्याची वेळ पांढऱ्या पट्टीवर लिहून ती व्हेंटिलेटरच्या स्क्रीनखाली चिकटवा: ‘रोक्युरोनियम ७० मिग्रॅ, रात्री १.१०’. पुढचा तास-दीड तास गुंगी चालूच ठेवायची, लक्षणांवर नाही, घड्याळावर. या काळात फेंटॅनिलसोबत मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉल हवंच. डेक्समेडेटोमिडिन एकट्याने इथे चालत नाही. त्याची झोप हलकी असते.

तपासा : असर उतरला का? नर्व्ह स्टिम्युलेटर नसेल तर तीन गोष्टी बघा. सक्शन कॅथेटर गेल्यावर खोकतो का? व्हेंटिलेटरला स्वतःहून ट्रिगर देतो का? पायाचा अंगठा हलतो का? यांपैकी एक तरी दिसेपर्यंत रास स्कोर (किती जागा, किती गुंगीत ते मोजणारी +४ ते −५ ची पट्टी, टप्पा ६) मोजू नका. तो −५ येईल आणि त्याला काही अर्थ नसेल.

‘व्हेंटिलेटरशी भांडतोय’ म्हणून व्हेक्युरोनियम पुन्हा द्यायचं असेल, तर आधी स्वतःला विचारा: वेदनाशामक किती वाजता दिलं? उत्तर येत नसेल तर सिरिंज खाली ठेवा.

टप्पा ४ : आधी दुखणं, मग झोप

घशातली नळी दुखते. ती गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. त्यात मोडलेलं हाड, कॅथेटर, सक्शन. मिडाझोलाम दुखणं थांबवत नाही. दुखणाऱ्या माणसाला ते फक्त गोंधळलेला करतं, मग तो आणखी झटापट करतो आणि आणखी मिडाझोलाम मिळवतो.

बोलता न येणाऱ्या रुग्णाचं दुखणं सीपॉटने मोजा. चेहरा, शरीराची हालचाल, स्नायूंचा ताण आणि व्हेंटिलेटरशी जुळवून घेणं, प्रत्येकाला ० ते २. एकूण ३ किंवा जास्त म्हणजे दुखतंय. कपाळाला आठ्या, डोळे घट्ट मिटलेले, हात नळीकडे जाणारा, कोपर वाकवायला गेलं की ताठरणारा: एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो.

फेंटॅनिल २५ ते ५० मायक्रोग्रॅम बोलस, मग ०.५ ते १ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति तास, म्हणजे ६० किलोला वरच्या सिरिंजमधून ३ ते ६ मिली प्रति तास. पुन्हा दुखलं तर आधी बोलस; तासात दोनपेक्षा जास्त बोलस लागले तरच वेग वाढवा. जोडीला पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून, यकृत ठीक असेल तर. मोडलेलं हाड स्प्लिंटमध्ये बांधा. नीट बांधलेलं हाड बरंच वेदनाशामक वाचवतं.

ग्रामीण रुग्णालयात फेंटॅनिल नसतंच, ही खरी अडचण आहे. मॉर्फिन असेल तर २ मिग्रॅ, पंधरा मिनिटांनी पुन्हा. दमा किंवा किडनी बिघडलेली असेल तर टाळा. तेही नसेल तर केटामिन ०.३ मिग्रॅ प्रति किलो हळू, मग ०.१ ते ०.३ मिग्रॅ प्रति किलो प्रति तास (वरच्या सिरिंजमधून १.५ ते ४.५ मिली). हा आमच्या मते लहान ठिकाणचा सगळ्यात भरवशाचा पर्याय आहे. ट्रॅमाडॉल झटक्याच्या किंवा विषबाधेच्या रुग्णाला नको, ते झटके आणू शकतं. हाताशी असतं म्हणून पेंटाझोसिन-प्रोमेथाझिन दिलं जातं, तेही टाळा: पेंटाझोसिन फेंटॅनिलचा असर कापतं, आणि प्रोमेथाझिनची लांब गुंगी व भ्रम वेगळेच.

टप्पा ५ : हात झाडतोय? औषधाआधी कारण

रुग्ण अचानक उसळला तर सिरिंजकडे हात जाण्याआधी नजर मॉनिटरकडे जाऊ द्या. सॅच्युरेशन पडलेलं असेल तर व्हेंटिलेटर काढून अँबू (हाताने दाबायची श्वासाची पिशवी) लावा. अँबूने फुप्फुस सहज फुगलं तर दोष मशीनमध्ये किंवा सेटिंगमध्ये. जड गेलं तर ट्यूब चावलेली, तुंबलेली, उजव्या बाजूला सरकलेली, किंवा छातीत हवा साचलेली. सक्शन कॅथेटर पूर्ण आत जातो का बघा, दोन्ही बाजू ऐका.

सॅच्युरेशन ठीक असेल तर खालून सुरू करा. लघवीची पिशवी रिकामी आणि ओटीपोट टणक? कॅथेटर बोळ्याने बंद किंवा नळीला पीळ. चादर चुरगळून पाठीखाली सुई टोचतेय? कफ गळतोय? ग्लुकोज पाहिलं का? रोज दारू पिणारा रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरतोय? व्हेंटिलेटरचा फ्लो कमी पडून तो हवा ओढतोय? हे सगळं बघायला तीन मिनिटं पुरतात. कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे तडफडणाऱ्याला गुंगी देऊन गप्प केलं, तर आपण फक्त धोक्याची घंटा बंद केली.

आणि बोला. कानाशी, मोठ्याने, त्याच्या भाषेत: ‘‘मामा, डोळे उघडा. घशात नळी हाय, म्हणून आवाज निघंना. मशीन दम देतंय, घाबरू नका.’’ तांड्यावरच्या आजीला गोरमाटीत, देगलूर-बिलोलीकडच्या काही रुग्णांना तेलुगूत, कोणाला दख्खनीत कळतं. सोबत आलेल्या नातेवाइकाला दोन मिनिटं जवळ उभं करा. चष्मा, कानाचं मशीन असेल तर लावा. एवढ्याने पुष्कळ रुग्ण खरोखर निवळतात.

हात बांधावे लागले तर दोन बोटं आत जातील एवढे सैल, दर तासाला बोटांचा रंग बघून, आणि का बांधले ते रुग्णाला व नातेवाइकांना सांगून.

टप्पा ६ : लक्ष्य लिहा, रास मोजा

औषधाच्या ऑर्डरसोबत लक्ष्य लिहा: ‘रास ० ते −२’. बहुतेक रुग्णांना हेच लागू. लक्ष्य लिहिलेलं नसेल तर प्रत्येक पाळी आपल्या अंदाजाने चालते, आणि अंदाज नेहमी खोल गुंगीकडे झुकतो.

मोजण्याचा क्रम मोडू नका:

१. ३० सेकंद नुसतं बघा. जागा आणि शांत = ०. अस्वस्थ = +१. व्हेंटिलेटरशी झगडतो = +२. नळ्या ओढतो = +३. मारायला उठतो = +४.

२. जागा नसेल तर नाव घेऊन हाक मारा, ‘माझ्याकडे बघा’ म्हणा. १० सेकंद किंवा जास्त नजर देतो = −१. त्याहून कमी = −२. हलतो किंवा डोळे उघडतो, पण नजर देत नाही = −३.

३. आवाजाला काहीच नाही, तर खांदा हलवा, मग छातीचं हाड चोळा. हालचाल = −४. काहीच नाही = −५.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे थेट तिसऱ्या पायरीपासून सुरुवात. छाती चोळल्यावर डोळे उघडले म्हणून ‘−१’ लिहिलं जातं, प्रत्यक्षात तो −४ असतो. दुसरी चूक: हाक हळू मारणं. एसी, मॉनिटर, नातेवाइकांचा गलबला, त्यात बहिरट आजोबा. हाक त्यांना ऐकू गेली पाहिजे.

पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, नंतर दर दोन तासांनी आणि प्रत्येक बोलसनंतर पाच-दहा मिनिटांनी मोजा.

टप्पा ७ : गुंगीचं औषध

दुखणं आवरलं, कारण शोधलं, तरी रास +१ च्या वर असेल तर आता गुंगी.

प्रोपोफॉल: ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिटपासून. ६० किलोला १.८ मिली प्रति तास. दर पाच-दहा मिनिटांनी तेवढंच वाढवा. २० मायक्रोग्रॅमला ७.२ मिली, ५० ला १८ मिली. रक्तदाब पाडतं. बाटली आणि लाइन १२ तासांनी बदला, त्यातल्या स्निग्ध द्रवात जंतू भराभर वाढतात.

डेक्समेडेटोमिडिन: ०.२ ते ०.७ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति तास, ६० किलोला ३ ते १०.५ मिली. लोडिंग डोस देऊ नका. नाडी आणि रक्तदाब दोन्ही घसरतात.

मिडाझोलाम: १ ते २ मिग्रॅ बोलस, लागलं तरच १ ते ३ मिली प्रति तास. शरीरात साठतं. किडनी बिघडलेल्या किंवा म्हाताऱ्या रुग्णात पंप बंद केल्यावरही दिवसभर झोप उतरत नाही. आपल्याकडे मुबलक मिळतं म्हणून ते पहिलं औषध झालंय. ते तिसरं असायला हवं. अपवाद झटके, दारू सुटल्याची लक्षणं आणि कीटकनाशकाची विषबाधा.

पंपच नसेल तर ब्युरेटचा मायक्रोड्रिप सेट वापरा. त्यात ६० थेंब म्हणजे १ मिली, म्हणून मिनिटाला जितके थेंब तितके तासाला मिली. ब्युरेटमध्ये मिडाझोलाम १० मिग्रॅ, एकूण २० मिली. मिनिटाला ४ थेंब म्हणजे तासाला २ मिग्रॅ. ब्युरेटमध्ये एका वेळी यापेक्षा जास्त भरू नका. रुग्ण हलवताना क्लॅम्प उघडा राहिला तरी जास्तीत जास्त तेवढंच आत जाईल.

रक्तदाब कमी आहे म्हणून गुंगी-वेदनाशामक सगळंच बंद, हा निर्णय लुळ्या रुग्णाच्या बाबतीत क्रूर ठरतो. मात्रा निम्मी करा, प्रोपोफॉलऐवजी केटामिन घ्या, फुप्फुसात हवा अडकून राहतेय का बघा, द्रव द्या, नॉरअड्रेनालिन लवकर लावा.

टप्पा ८ : जिथे नेहमीचा नियम बदलतो

*कीटकनाशकाची (ऑरगॅनोफॉस्फेट) विषबाधा.* इथे लक्षणं फसवतात. अश्रू आणि घाम विषामुळे येतात, वेगवान नाडी अट्रोपिनमुळे. म्हणजे ‘जागा असेल तर नाडी वाढेल, डोळ्यात पाणी येईल’ हा आपला आधारच जातो. रिलॅक्सन्ट दिलं असेल तर गुंगी पूर्णपणे घड्याळावर चालवा. सक्सिनिलकोलिन शक्यतो टाळा. विषाने ते मोडणारं एन्झाइम (कोलिनएस्टरेज) बंद पडलेलं असतं, त्यामुळे काही मिनिटांचा लुळेपणा तासांवर जातो.

दुसऱ्या दिवशी हा रुग्ण बडबडल्यासारखे ओठ हलवतो, हवेत काहीतरी पकडतो, अंग तापलेलं, कातडी कोरडी, पोटाचे आवाज बंद, लघवी अडकलेली. हे अट्रोपिन जास्त झाल्याचं चित्र आहे. इथे मिडाझोलाम वाढवणं हा इलाज नाही. अट्रोपिनचा पंप थांबवा, लक्षणं उतरल्यावर कमी वेगाने पुन्हा सुरू करा. गप्प करायला प्रोमेथाझिन दिलं तर अट्रोपिनसारखाच असर आणखी वाढतो. नाडी आधीच मंद असेल तर डेक्समेडेटोमिडिनही नको.

*मण्यार किंवा नाग चावलेला.* जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या घेऊन येतो, तासाभरात ट्यूब लागते. पापण्या उघडत नाहीत, हातपाय गळालेले, कधी बाहुल्याही मोठ्या आणि स्थिर. रास −५ येतो, आणि ‘ब्रेन डेड’ हा शब्द त्याच्या उशाशी उच्चारला जातो. हा माणूस पूर्ण शुद्धीत असू शकतो. हाताने त्याच्या पापण्या वर करा, समोर उभं राहा. भुवई, बोट किंवा अंगठा, जे किंचित हलत असेल ते शोधा, ‘हो असेल तर हलवा’ म्हणून सांगा. काहीच हलत नसलं तरी प्रत्येक कामाआधी सांगून करा. वेदनाशामक आणि झोपेपुरती हलकी गुंगी द्या, रिलॅक्सन्टची गरजच नाही. डोळ्यांत मलम घालून पापण्या पट्टीने बंद ठेवा, नाहीतर बुबुळ सुकून जखम होते.

*डोक्याला मार.* मेंदूचा दाब वाढल्याची खूण असेल (एक बाहुली मोठी, नाडी मंद आणि रक्तदाब चढा) तर खोल गुंगी योग्य. नसेल तर लवकर उतरणारं औषध घ्या, म्हणजे जीसीएस पुन्हा पाहता येईल.

*न थांबणारे झटके.* खोल गुंगी हाच उपचार. रिलॅक्सन्टने झटके दिसायचे थांबतात, मेंदूतले थांबत नाहीत.

*तीव्र दमा, वाईट एआरडीएस (सुजून निकामी होत चाललेली फुप्फुसं).* इथेही काही तास −४ पर्यंत जावं लागतं. मात्र ऑर्डरमध्ये कारण आणि पुन्हा बघायची वेळ लिहा: ‘रास −४, श्वास अडकतोय म्हणून, सकाळी ६ ला फेरविचार’.

टप्पा ९ : रेफर करताना

बीडहून छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय किंवा किनवटहून नांदेड म्हणजे रुग्णवाहिकेत काही तास. खड्ड्यांत ट्यूब निघेल या भीतीने निघताना दुप्पट मिडाझोलाम आणि व्हेक्युरोनियम दिलं जातं. अर्ध्या वाटेत गुंगी उतरते, लुळेपणा राहतो. त्याऐवजी ट्यूब दोन ठिकाणी घट्ट बांधा, मान सरळ ठेवा, लक्ष्य प्रवासापुरतं −२ ते −३ करा.

औषध प्रवासाच्या दुप्पट वेळेचं न्या. तीन तास, ६ मिली प्रति तास म्हणजे १८. दुप्पट ३६ मिली, ५० ची एक सिरिंज पुरते. पंपाची बॅटरी खाटेवरच पंधरा मिनिटं प्लग काढून चालवून बघा. बोलसची सिरिंज वेगळी, सोबत जाणाऱ्याच्या खिशात. व्हेक्युरोनियम पावडर उन्हाळ्यात टिकते. रोक्युरोनियम, अट्राक्युरियम, सक्सिनिलकोलिन थंड पेटीत.

रेफर चिठ्ठीवर ‘ऑन सेडेशन’ एवढंच लिहू नका. ट्यूबआधीचा जीसीएस आणि बाहुल्या, शेवटचं रिलॅक्सन्ट कोणतं व किती वाजता, सिरिंजमधलं प्रमाण, सध्याचा वेग, शेवटचा बोलस, शेवटचा रास, आणि लक्ष्य.

टप्पा १० : बेड मिळेना, रुग्ण कॅज्युअल्टीतच सकाळपर्यंत

असं वारंवार होतं, आणि रात्रीचे पंप दुपारपर्यंत तसेच चालू राहतात. सकाळी ठरलेल्या वेळी गुंगीचं औषध पूर्ण बंद करा, वेदनाशामक चालू ठेवा. झटके, दारू सुटल्याची लक्षणं, रिलॅक्सन्टचा असर, मेंदूचा वाढलेला दाब किंवा २४ तासांतला हृदयविकाराचा झटका असेल तर बंद करू नका.

खाटेजवळ कोणीतरी थांबलं पाहिजे. हाकेला नजर देतो का, जीभ बाहेर काढतो का, बोटं दाबतो का, ते बघा. झटापट, सॅच्युरेशन पडणं, श्वास ३५ च्या वर, हृदयाची अनियमित गती, यांपैकी काही दिसलं तर आधी टप्पा ४ आणि ५ पुन्हा करा, मग गुंगी आधीच्या निम्म्या वेगाने सुरू करा. शांत आणि जागा राहिला तर पंप बंदच राहू द्या. आणि गुंगी थांबवून बराच वेळ झाला तरी हाकेला काहीच प्रतिसाद नसेल, तर औषधं, किडनी, ग्लुकोज, सोडियम बघून डोक्याच्या सीटीचा निर्णय त्याच सकाळी घ्या.